जुना फोटो आहे हं!

कोरोनाकाळात आपण काय काय शिकलो, याच्या याद्या दरवर्षी मार्च उजाडला की निघतात. हात धुवायला शिकलो. घरून काम करायला शिकलो. काही पुरुष पोळ्या लाटायला शिकले (दोन दिवस, फोटो निघेपर्यंत). एक गोष्ट मात्र या यादीत कधीच नसते.

आपण जळायला शिकलो. म्हणजे येत होतंच. लॉकडाऊनमध्ये रियाजाला वेळ मिळाला, इतकंच.

सुरुवात आठवते? ९ मार्च २०२०. राज्यातले पहिले दोन रुग्ण पुण्यात सापडले. दुबईची सहल करून आलेलं जोडपं. विषाणू कसा पसरतो, किती दिवस राहतो, काही म्हणजे काही कुणाला धड ठाऊक नव्हतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर पहिला प्रश्न फिरला तो विषाणूबद्दल नव्हताच. ‘यांना दुबईला जायची गरज काय होती?’

रोग चीनचा, राग टूरच्या पॅकेजवर!

पुढच्या काही दिवसांत परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर विलगीकरणाचे शिक्के बसू लागले. ज्यांनी जन्मात पासपोर्ट काढला नव्हता, त्यांना आपल्या न काढलेल्या पासपोर्टचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

मग २५ मार्चपासून सगळेच घरात. राजा घरात, रंक घरात, साहेब घरात, शिपाई घरात. सगळ्यांना एकच शिक्षा म्हटल्यावर खरं तर हेवा संपायला हवा होता ना? कोण कुठे गेला नाही, कुणी काय घेतलं नाही. कुणाचं कुणाला दुखायचं कारणच काय?

कारण सापडलं. बाल्कनी!

कुणाला बाल्कनी होती, कुणाला नव्हती. कुणाच्या गच्चीला कुलूप होतं, कुणाच्या खिशात तिची किल्ली. कुणाच्या घरात चार खोल्या आणि दोन माणसं, कुणाच्या घरात उलटं. माणूस आपली तुलना आपल्यासारख्यांशीच करतो, असं लिऑन फेस्टिंजर नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९५४ साली सांगून गेला. मोठं नाव झालं त्याचं. आपल्याकडे त्याच विषयाला भाऊबंदकी म्हणतात आणि त्यासाठी पीएचडी लागत नाही. बांध पुरतो.

पहिला बळी डालगोना कॉफीचा. इन्स्टंट कॉफी, साखर, गरम पाणी, तिन्ही समप्रमाणात, आणि हात गळून पडेपर्यंत फेटायचं. यात हेवा वाटावा असं काय आहे? फेस! पण तिचा फेस उभा राहिला आणि आपला बसला. आता ‘माझा फेस बसला’ असं कुणी लिहीत नाही. त्याऐवजी लिहायचं, ‘देशात मजूर उपाशी चालत आहेत आणि काहींना फेस काढायला सुचतंय.’

मजूर खरंच चालत होते. खरंच उपाशी होते. पण ही कॉमेंट करणाऱ्याने सकाळीच स्वतःच्या मिसळीचा फोटो टाकला होता, तर्रीसकट.

कोरोनाकाळातल्या असूयेची हीच तर गंमत. ती उघड्या तोंडाने कधी फिरलीच नाही. तिनेही मास्क लावला होता. त्यावर लिहिलं होतं ‘सामाजिक भान’.

सामाजिक भान वाईट, असं कोण म्हणतं? २८ मार्चला दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा सुरू झालं. केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकरांनी घरी बसून ते बघतानाचा स्वतःचा फोटो टाकला आणि लोकांनाही विचारलं, बघताय ना? त्याच दिवशी दिल्लीच्या आनंद विहार बसस्थानकावर गावी निघालेल्या मजुरांचा समुद्र उसळला होता. लोक तुटून पडले. फोटो उतरला. चूक काय मंत्र्यांची? मंत्र्याने टीव्ही बघू नये, असं थोडंच आहे?

बघावा. फक्त स्वतःला बघताना दाखवू नये.

सिनेमावाल्यांना हे कळायला जरा वेळ लागला. कुणी गच्चीत व्यायाम केला, कुणी घरातल्या जिममध्ये. कतरिना कैफने भांडी कशी घासावीत याचा व्हिडिओ टाकला. लाखोंनी पाहिला. त्यातल्या निम्म्या बायकांच्या मनात आलं असेल, करपलेल्या दुधाचं आमचं पातेलं पाठवू का? शेवटी फराह खानलाच व्हिडिओ करून सांगावं लागलं, बाबांनो, तुमचे व्यायामाचे व्हिडिओ पुरे. जगाला पोटाची चिंता आहे, तुम्हाला पोट कमी करण्याची.

आता इथे एक बारीक गोष्ट. सिनेनट्यांवर आपण हसलो. मीम केले. खरं जळलो का? छे! त्यांचं घर आपल्याला परवडणारं नाही हे आधीच ठरलेलं. जळायला माणूस जवळचा लागतो. शक्यतो त्याच विंगमधला.

आता मावशींकडे येऊ.

१९ मार्चच्या भाषणात पंतप्रधानांनी सांगितलं होतं की घरकाम करणाऱ्यांचा पगार कापू नका. चांगली गोष्ट. बऱ्याच जणांनी कापला नाही. त्याहून चांगली गोष्ट. मग एकीने लिहिलं, ‘आमच्या मावशींना आम्ही घरी बसवून पूर्ण पगार दिला. माणुसकी जपू या.’ सोबत मावशींचा जुना फोटो, नमस्काराची इमोजी.

झालं! अख्ख्या सोसायटीचं पित्त खवळलं. का? मावशी कॉमन होत्या.

त्या चार घरी काम करायच्या. एका घराने पूर्ण पगार दिला आणि जाहीरही केलं म्हटल्यावर उरलेल्या तीन घरांचं काय? ‘दान गुप्त असावं,’ असं त्या तिघींना एकाच संध्याकाळी आठवलं. ज्यांना हात आखडता घ्यायचा होता, त्यांना गुप्तदानाचं महत्त्व फार.

मग अनलॉक आला आणि खरी लढाई सुरू झाली. मावशींना आत सोडायचं की नाही? सोसायटीचा ठराव: नाही. अपवाद: एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक. त्याबरोबर किती घरांतले ज्येष्ठ नागरिक एकाएकी एकटे राहू लागले! मुलगा-सून होते, पण रजिस्टरमध्ये नव्हते. ‘बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून भांड्यांचा आवाज येतोय. एवढ्या जोरात घरची बाई भांडी घासत नाही.’ हा मेसेज ग्रुपवर पडला तेव्हा सकाळचे साडेनऊ होते आणि टाकणारी व्यक्ती ‘वर्क फ्रॉम होम’ करत होती.

वर्क कसलं, गुप्तहेरगिरी!

मोलकरीण आली म्हणून संसर्ग वाढेल, ही भीती अगदी खोटी नव्हती. पण लादी पुसून ज्याची कंबर गेली आहे त्याला शेजारची लादी आयती पुसली जाताना जे वाटतं, त्याला संसर्गाची भीती म्हणत नाहीत. बाय द वे, मावशींना काय वाटत होतं, हे कुणी ग्रुपवर विचारलं? त्या ग्रुपमध्ये नव्हत्या.

तिकडे सरकारी नोकरांचं वेगळंच. ‘बसून पगार खातात’ हा तर आपला जुना राष्ट्रीय छंद. ३१ मार्चला राज्य सरकारने जाहीर केलं की मार्चचा पगार कापून, म्हणजे नंतरच्या खुलाशानुसार दोन टप्प्यांत मिळणार. फेसबुकवर काय आनंद! आपल्या खात्यात एक रुपया वाढला नव्हता. दुसऱ्याच्या खात्यात उशिरा पडणार होता, तेवढ्यावर लोकांची पुरणपोळी झाली.

मग त्याच बसून खाणाऱ्या मास्तरांना तपासणी नाक्यांवर उभं केलं, रेशन दुकानांवर उभं केलं. ‘बसून खातात’वाली पोस्ट कुणी मागे घेतली? मास्तर उभे होते, पोस्टी बसून होत्या.

४ मे. दारूची दुकानं उघडली. रांगांचे फोटो आले. ‘रेशनला पैसे नाहीत आणि याला आहेत!’ सगळ्यांत जोरात कोण ओरडलं? ज्यांच्या कपाटात अजून शिल्लक होती ते. मुंबईत तर महापालिकेने दोन दिवसांत दुकानं पुन्हा बंद केली, तेव्हा कुठे नैतिकतेला उतार पडला.

पण मोठ्यांचं काय? तिकडे आपला राग पोहोचलाच नाही का?

पोहोचला की! एप्रिल २०२०. तुम्हाआम्हाला भाजी आणायला जाताना पोलिसांचा दांडका दिसत होता. त्याच दिवसांत डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचं वाधवान कुटुंब, बरोबरची मंडळी धरून तेवीस जण, गाड्यांचा ताफा घेऊन खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचलं. पास? पासाहून भारी गोष्ट होती. गृह खात्याचे प्रधान सचिव (विशेष) अमिताभ गुप्ता यांचं पत्र. ही मंडळी आपले कौटुंबिक मित्र आहेत, कौटुंबिक निकड आहे, जाऊ द्यावं.

आपल्याला काय वाटलं? प्रामाणिकपणे सांगा. आधी संताप. लगेच मागोमाग: च्यायला, असला एक मित्र आपल्याला का नाही!

पत्र व्हायरल झालं. गदारोळ उठला. वाधवान पाचगणीत विलगीकरणात, साहेब सक्तीच्या रजेवर. समाजमाध्यमांचा विजय असो! चौकशी झाली, साहेब कामावर परतले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये पुण्याचे पोलीस आयुक्त झाले. त्या दिवशी किती जणांनी पोस्ट लिहिली? थोड्यांनी. बाकीचे कुठे होते?

सोसायटीच्या गेटपाशी. सी विंगचा एक जण संध्याकाळी मास्क नाकाखाली घेऊन चालायला जातो, त्याचा फोटो काढत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण कुणीतरी सोसायटीत राहणाऱ्यानेच काढली असणार.

लग्नांचं तर विचारूच नका. आधी पन्नास माणसांची मर्यादा. मग एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसं, दोन तास, एकच हॉल, नियम मोडल्यास पन्नास हजार दंड. पंचवीस! मराठी लग्नात पंचवीस माणसं नुसती ‘पंगत कधी’ विचारायला असतात. दोन्हीकडच्या आत्या आणि मामा धरले तर नवरानवरी बाहेर.

फोटो आले. लोकांनी दोन बोटांनी ते मोठे केले. डोकी मोजली. एकतीस! ‘ही बेपर्वाई आहे. अशांमुळेच लाट येते.’ खाली सहमतीचे अंगठे. पण मोजणारीचं बोट थांबलं होतं ते डावीकडून चौथ्या डोक्यावर. चुलत जाऊ! तिला बोलावलं? आणि आम्हाला ‘सरकारी नियम आहे हो, मनात खूप होतं’?

नियम मोडला याचा राग नव्हताच. मोडताना आपल्याला धरलं नाही, याचा होता.

कोकणात २०२० च्या गणपतीत हेच, फक्त मोठ्या पडद्यावर. परळच्या दहा बाय दहात पाच महिने काढलेला चाकरमानी गावाकडची हिरवी पडवी फोनवर बघून तळमळत होता. गावाकडचा माणूस पडवीत बसून लिहीत होता, ‘मुंबैकरांनी यंदा येव नये.’ बारा ऑगस्टच्या आत या, दहा दिवस विलगीकरणात राहा, असा तोडगा निघाला. एकाला दुसऱ्याची हवा हवी होती, दुसऱ्याला पहिल्याची हवा नको होती. गणपती मात्र दोघांना सामायिक घरातच बसवायचा होता. सातबारावर दोघांचीही नावं.

या सगळ्या टेहळणीचा एक परिणाम झाला. लोक घाबरून आनंद करू लागले.

नीट आठवा. वाढदिवसाच्या फोटोखाली काय लिहिलेलं असायचं? ‘सर्व नियम पाळून, घरच्या घरी.’ चार मित्रांच्या फोटोखाली? ‘फोटोपुरताच मास्क काढला आहे.’ आणि समुद्रकिनाऱ्याच्या फोटोखाली सगळ्यांत आधी, ठळकपणे, तारखेसकट: ‘जुना फोटो आहे हं!’

म्हणजे २०१८ सालच्या दिवेआगरचासुद्धा जामीन द्यावा लागत होता. आपण फिरलो, हसलो, मासे खाल्ले, पण साहेब, तेव्हा गुन्हा नव्हता.

काही बहाद्दर याचाही उलटा वापर करत. काल अलिबागला जाऊन यायचं, फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, जुना फोटो. पण कुणी फसत नसे. फोटोतल्या माणसाचे लॉकडाऊनमध्ये बायकोने कापलेले केस दिसत असत.

अशाही परिस्थितीत फेसबुकला वाटलं की लोकांना प्रेम कमी पडतंय. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी नवी इमोजी आणली. हृदयाला मिठी मारणारा पिवळा चेहरा. काळजी व्यक्त करायला. आपल्याला खरी गरज कसली होती? ‘बघितलं, पण काही देणार नाही’ याची. तिला इमोजी लागत नाही. बघून पुढे जायचं. समोरच्याला बरोबर पोचतं.

मग आला एप्रिल २०२१. आणि इथे मात्र हात जरा आवरता घ्यावा लागतो.

स्टेटसवर अंगठा ठेवला की एकामागून एक सरकत जायचं. कुणाचा केक. कुणाची ‘पुण्यात कुठेही ऑक्सिजन बेड, अर्जंट’. कुणाचा आंब्याच्या पेटीसोबत सेल्फी. कुणाला रेमडेसिविर हवं, सहा डोस, खाली फोन नंबर. तासाभराने त्याच नंबरवाल्याचं नवं स्टेटस: ‘आता गरज नाही. कृपया फोन करू नका.’ गरज का नाही, हे विचारायची कुणाची छाती होत नव्हती. त्या दिवसांत आंब्याच्या पेटीकडे बघून जे वाटत होतं ते जळणं नव्हतं. त्याला असूया म्हणणारा माणूस बेडसाठी फिरलेला नाही.

पण आपण काही फार दिवस शहाणे राहत नाही.

लस आली. १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांना. म्हणजे कागदावर. स्लॉट उघडायचा, ओटीपी येईपर्यंत संपायचा. आणि मग ज्याला मिळाला त्याचा फोटो! बाही वर, अंगठा वर, चेहऱ्यावर ऑलिम्पिक. ‘फायनली व्हॅक्सिनेटेड. तुम्हीही घ्या.’

तुम्हीही घ्या! जेवणाऱ्याने ढेकर देऊन उपाशी माणसाला ‘बसा ना जेवायला’ म्हणावं तसं.

शहरात मिळेना म्हणून पुण्यामुंबईची मंडळी पिनकोड बदलून आसपासच्या तालुक्यांत शिरली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मातीच्या पटांगणात एमएच १२ च्या गाड्या लागल्या. गावातले लोक बघतायत, लस त्यांच्या गावची, आणि यादीत नाव एकाही गावकऱ्याचं नाही. ते चिडले. ही पोटदुखी नव्हती, हिशेब होता. पण पाहुण्यांच्या पोस्टमध्ये काय आलं? हिरवं शेत, पाठीमागे डोंगर, ‘लस आणि लाँग ड्राइव्ह’.

शेत कुणाचं? ज्याला स्लॉट मिळाला नाही त्याचं.

नात्यागोत्यातल्या अमेरिकेचा विषय निघालाच पाहिजे. २०२० च्या वसंतात न्यूयॉर्क-न्यूजर्सीत हाहाकार होता, तेव्हा इथले काका तिथल्या पुतण्याला सांगत होते, ‘हळद घे, वाफ घे, आणि जमलं तर परत ये. आपल्याकडे प्रतिकारशक्ती असते.’ आवाजात काळजी होती. काळजीच्या मागे वीस वर्षं दाबून ठेवलेलं समाधानही होतं. बरोबर एका वर्षाने पुतण्याने कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन लस घेतली आणि मे २०२१ मध्ये त्यांच्याकडे लस घेतलेल्यांचे मास्कही उतरले. त्याने बार्बेक्यूचे फोटो टाकले.

काकांनी त्याच संध्याकाळी ग्रुपवर अमेरिकेच्या कुटुंबव्यवस्थेच्या ऱ्हासावर लेख फॉरवर्ड केला.

आणि शेवटी मालदीव. त्याच भयंकर एप्रिलमध्ये हिंदी सिनेमातली निम्मी तरणी पिढी निळ्या पाण्यात उभी होती. नवाझुद्दीन सिद्दीकीने मुलाखतीत त्यांना चार शब्द सुनावले. लोकांनी चारशे सुनावले, आणि चुकीचं काही सुनावलं नाही. इकडे माणसं सिलिंडर शोधतायत आणि तुम्ही नारळपाण्यातली नळी दाखवताय? १३ मेपासून मालदीवने आपल्या भागातून येणाऱ्या पर्यटकांना दार लावून घेतलं, तेव्हा कॉमेंटमध्ये अक्षरशः दिवाळी झाली. ‘बरं झालं!’ ‘अशीच जिरायला हवी!’

जुलैत दार पुन्हा उघडलं. इथूनही मंडळी जायला लागली. आपल्या ओळखीतलंही एक जोडपं गेलं, फोटो आले, पाण्यावरची खोली, पायाखाली काचेतून दिसणारे मासे. ‘बरं झालं’ लिहिणाऱ्याने फोटो पाहिला. लाइक केला नाही. कॉमेंट तर नाहीच.

इनबॉक्समध्ये विचारलं, ‘पॅकेज केवढ्याला पडलं?’